आधी बाजारात बसा, मग उपाय सुचवा : किशोरवयीन मुलांसोबत सामाजिक उद्योगाचे पहिले वर्ष

आमच्या तालुक्याच्या गावी दर मंगळवारी आठवडी बाजार भरतो. सहा वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या चौदा मुलामुलींचा आमचा गट पहिल्यांदा जमला, तेव्हा त्यांनी ठरवलेला उपक्रम सगळ्यांनाच आवडला होता. घरोघरच्या जुन्या साड्या गोळा करायच्या, त्यांच्या पिशव्या शिवून घ्यायच्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांना त्या फुकट वाटायच्या, म्हणजे बाजारातले प्लास्टिक कमी होईल, अशी ती कल्पना होती. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्यामुळे शाळेनेही आनंदाने पाठिंबा दिला. छायाचित्रे निघाली, दीडशे पिशव्या वाटल्या गेल्या. पुढच्या मंगळवारी मुले उत्साहाने बाजारात गेली, तर बहुतेक पिशव्यांच्या घड्या घालून बायकांनी त्या बसायला घेतल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या हातात एकही दिसली नाही. एका मुलीने धीर करून एका मावशींना कारण विचारले. "बाळा, दहा रुपयांच्या मेथीबरोबर पिशवी दिली की ती गेलीच. पुढच्या मंगळवारी मी काय देऊ?" असे त्या म्हणाल्या. हा साधा हिशेब चौदा मुलांपैकी आणि आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता, कारण पिशव्या शिवण्याआधी आमच्यापैकी कोणीही त्या बायकांशी बोलले नव्हते.

त्या दिवसानंतर आम्ही कामाची पद्धत मुळापासून बदलली. ज्या शिक्षकांना, पालकांना किंवा ग्रंथालयाच्या, मंडळाच्या कार्यकर्त्यांना तेरा ते सतरा वयाच्या मुलांसोबत असे काम सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी ती बदललेली पद्धत मी येथे टप्प्याटप्प्याने मांडत आहे. तिच्या मुळाशी एकच समजूत आहे. दुसऱ्याचे दुःख कळण्याची शक्ती उपदेशाने वाढत नाही; ती त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा भेटल्याने आणि त्यांना जाब द्यावा लागल्याने वाढते. सामाजिक उद्योग मुलांसाठी मोलाचा आहे तो एवढ्याचसाठी, कारण त्यात जाब देण्यातून सुटका नसते.

सामाजिक उद्योग म्हणजे काय, हे मुलांना कसे सांगावे

समाजातली एखादी अडचण दूर करण्यासाठी उभारलेला आणि आपल्या कामाच्या मोबदल्यातून आपला खर्च भागवणारा उद्योग, अशी ढोबळ व्याख्या करता येते. मुलांना मात्र व्याख्येपेक्षा गोष्टी लक्षात राहतात, म्हणून आम्ही पहिल्या बैठकीत दोन गोष्टी सांगतो. पहिली गिरगावातली. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे विकली. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. पुढे त्याचे लिज्जत पापड झाले, आणि पापड लाटणारी प्रत्येक बहीण आजही तिथे मालकीण मानली जाते. दुसरी गोष्ट पुण्यातली. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ साली उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली. २००८ साली या संस्थेने महापालिकेशी करार केला आणि कचरा उचलण्यासाठी घरोघरी दरमहा शुल्क घेण्याची पद्धत सुरू झाली. कचराकुंडीत वाकून भंगार शोधणारी बाई त्यामुळे ठरलेल्या घरांच्या दारी ठरलेल्या वेळी येणारी सेवा देणारी झाली.

गोष्टी सांगून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: या दोन्ही ठिकाणी अडचण कोणाची होती आणि मालकी कोणाकडे आली? उत्तर मुलांना स्वतः सापडू द्यावे, त्यासाठी अर्धा तास गेला तरी चालेल. ज्यांची अडचण, त्यांचाच निर्णयात हात, हे सूत्र पुढच्या वर्षभरात वारंवार लागते, आणि पहिल्या वर्षी आमच्याकडून सुटले होते ते नेमके हेच.

तयारी : गट, वेळ आणि मोठ्यांची जबाबदारी

गट दहा ते पंधरा जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात दोन-चार बोलकी मुले सगळे ठरवतात आणि बाकीची हजेरीपुरती उरतात. मुले निवडताना वर्गातल्या हुशार मुलांची यादी मागवू नये. आम्ही फलकावर सूचना लावतो आणि येतील त्यांना घेतो, मात्र वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या परिस्थितीतली मुले गटात यावीत यासाठी मुद्दाम घरोघरी जाऊन पालकांना भेटतो. ही काही नवी कल्पना नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला जेवत. समतेचा धडा त्यांना वेगळा द्यावा लागला नाही. एकाच इयत्तेतली पण एकमेकांच्या घरी कधीही न गेलेली मुले आजही प्रत्येक शाळेत असतात, म्हणून आमच्या गटाची पहिली चार आठवडे बैठक दर वेळी वेगळ्या मुलाच्या घरी होते. बाजारातल्या मावशींचे जगणे समजून घेण्याआधी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे घर पाहणे मला अधिक आवश्यक वाटते.

दर आठवड्याला दोन तास, तेही परीक्षेचे महिने वगळून, एवढा वेळ पुरतो. दोन तरी मोठी माणसे नियमित हवीत आणि त्यांत एक स्त्री असावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. मुले बाहेर जातील तेव्हा कधीही एकटी नसावीत. दोघांची जोडी आणि हाकेच्या अंतरावर एक मोठे माणूस, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी. हा अभ्यास आहे, मजुरी नव्हे. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलांच्या फुकट श्रमांवर उभ्या राहिलेल्या उद्योगाचा हिशेब खोटाच असतो. शिवणकाम, धुलाई, वाहतूक अशी कामे गावातल्या गरजू माणसांना योग्य मोबदला देऊन करून घ्यावीत. मुलांनी पाहावे, विचारावे, मांडावे आणि हिशेब ठेवावा.

पहिला टप्पा : आठ आठवडे फक्त ऐकणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा आणि येथेच सर्वांत जास्त अधीरता येते, हे आधीच सांगून ठेवते. मुलांना काहीतरी करायचे असते, पालकांना काहीतरी दिसायला हवे असते, शाळेला अहवाल हवा असतो. तरीही पहिले आठ आठवडे कोणताही उपाय बोलून दाखवायचा नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. एखाद्याला उपाय सुचलाच तर तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो आणि ते पान आठव्या आठवड्यानंतरच उघडले जाते. त्या वेळी यातले निम्मे उपाय मुले स्वतःच हसून खोडून टाकतात.

ऐकण्याने काय साधते, हे सांगताना मी गडचिरोलीचे उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. आदिवासी माणसे रुग्णालयात यायला का धजत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले, आणि तुम्हाला कसा दवाखाना हवा, हेही विचारले. मोठ्या पांढऱ्या इमारतीची लोकांना भीती वाटत होती. त्यामुळे संस्थेच्या शोधग्राम या परिसरातले रुग्णालय आदिवासी गावातल्या घरांसारख्या झोपड्यांच्या रूपात उभे राहिले आणि त्याला लोकांच्या देवतेचे, माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. दोन्ही डॉक्टर परदेशात शिकून आलेले होते, आणि तरीही त्यांनी आधी विचारले, हे मुलांच्या मनावर चांगले ठसते.

ऐकायचे कसे, हेही शिकवावे लागते. आमची मुले जोडीने एकाच विक्रेतीकडे आठही मंगळवार जातात. दर वेळी नवी व्यक्ती गाठत नाहीत. पहिल्या दोन मंगळवारी वहीसुद्धा काढायची नाही. जाऊन बसायचे, पाट्या उतरवायला हात लावायचा, गिऱ्हाईक असेल तेव्हा गप्प राहायचे. तिसऱ्या आठवड्यापासून घरी परतल्यावर दोन रकान्यांत टिपण लिहायचे: डाव्या बाजूला जे पाहिले आणि ऐकले ते, उजव्या बाजूला मला त्याबद्दल जे वाटले ते. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची सवय लागायला महिना जातो. "मावशी बिचाऱ्या दिवसभर उपाशी होत्या" हे वाक्य एका मुलाने डाव्या रकान्यात लिहिले होते. चर्चेत निघाले की त्याने फक्त त्यांना दुपारपर्यंत जेवताना पाहिले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याने विचारले, तेव्हा कळले की त्या मंगळवारी उपवास करतात. 'बिचाऱ्या' हा शब्द त्याने स्वतःच खोडला. कीव आणि समज यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मला कोणत्याही व्याख्यानात मांडता आला नसता.

प्रश्न विचारताना "तुमच्या अडचणी काय आहेत?" असे विचारू नये. या प्रश्नाला माणसे एकतर काहीच नाही म्हणतात किंवा समोरचा काय देऊ शकेल याचा अंदाज घेऊन उत्तर देतात. "आज पहाटे किती वाजता निघालात?", "माल उरला की काय करता?", "मागच्या पावसाळ्यातला सगळ्यात वाईट मंगळवार कोणता?" असे प्रश्न विचारावेत. घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारले की खरी माहिती येते. छायाचित्रे काढायची नाहीत, हा नियम मुलांना सुरुवातीला जाचक वाटतो. त्यांना एवढेच विचारावे की तुमच्या आईला घाम आलेला असताना कोणी अनोळखी मुलाने तिचा फोटो काढला तर तिला कसे वाटेल.

लहान मुलांसाठी याच तत्त्वावर चालणारा एक सुंदर प्रयोग कॅनडात आहे. मेरी गॉर्डन यांनी १९९६ साली टोरांटोमध्ये सुरू केलेल्या 'रूट्स ऑफ एम्पथी' या कार्यक्रमात परिसरातले एक तान्हे बाळ आपल्या आई किंवा वडिलांसह वर्षभर ठरावीक अंतराने त्याच वर्गात येते. बाळ का रडते आहे, त्याला काय हवे असेल, हे मुले पाहतात आणि मग स्वतःच्या भावनांबद्दल बोलतात. बाळ बोलू शकत नसल्यामुळे मुलांना नीट पाहावेच लागते. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या वर्गात हे सहज करता येईल. घराघरांत बाळे असतात, फक्त ती शाळेत बोलावण्याचा विचार आपण करत नाही.

आठ आठवड्यांनंतर आमच्या मुलांच्या वह्यांतून जे पुढे आले त्यात प्लास्टिक फार खाली होते. दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक वहीत होत्या. सकाळच्या वेळी सुटे पैसे नसल्यामुळे गिऱ्हाईक परत जाते, ही एक. दुसरी गोष्ट फक्त मुलींच्या वह्यांत होती: बाजारतळाजवळचे स्त्रियांचे स्वच्छतागृह कायम कुलूपबंद असल्यामुळे बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत शक्यतो पाणीच पीत नव्हत्या.

दुसरा टप्पा : ही अडचण उद्योगाची की हक्काची?

सामाजिक उद्योगाबद्दल उत्साहाने बोलणारी बहुतेक मंडळी हा टप्पा गाळतात, म्हणून मी त्यावर जोर देते. स्वच्छतागृहाचा प्रश्न समजल्यावर आमच्या गटाने लगेच योजना आखली होती की फिरते स्वच्छतागृह भाड्याने आणायचे आणि प्रत्येकीकडून पाच रुपये घ्यायचे. हिशेबही जमत होता. तेव्हा आम्ही मुलांना मुंबईतल्या 'राइट टू पी' या चळवळीबद्दल सांगितले. २०११ च्या सुमारास अनेक संस्थांच्या कार्यकर्त्यांनी मिळून ही मोहीम उभारली. सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे मोजावे लागतात, हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गटात मोठा वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "पाच रुपयांत सोय होत असेल तर वाईट काय?" त्याला एका मुलीने विचारले, "तू किती देतोस?" त्या प्रश्नानंतर योजना बाजूला पडली.

अडचण निवडताना म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. ही सोय देणे आधीच कोणाचे तरी कर्तव्य आहे का? असेल, तर आपले काम ती मागण्याचे आहे, विकण्याचे नाही. ज्याची अडचण आहे तो स्वतः पैसे देऊ शकतो का, आणि त्याने ते देणे न्याय्य आहे का? तो देऊ शकत नसेल, तर या सोयीचा फायदा होणारे दुसरे कोणी देईल का? मुलांनी बावीस विक्रेत्या बायकांच्या सह्या-अंगठ्यांसह अर्ज तयार केला, सोबत आठ मंगळवारच्या नोंदी जोडल्या आणि त्या बायकांपैकी दोघींना सोबत घेऊन तो कार्यालयात दिला. पाच महिने खेटे घालावे लागले. शेवटी बाजाराच्या दिवशी कुलूप उघडू लागले आणि सफाईसाठी माणूस नेमला गेला. यातून एक पैशाची उलाढाल झाली नाही, पण वर्षातले सर्वांत मोठे काम हेच होते असे मी मानते. प्रत्येक प्रश्नाला उद्योगाच्या साच्यात बसवण्याची सवय मुलांना लागली, तर नागरिक म्हणून ती दुबळी होतील.

तिसरा टप्पा : मोडले तरी चालेल इतका लहान प्रयोग

अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर स्वतःच्या खिशातून उसने दिले, तेव्हा गरिबांना छोटी कर्जे देणारी त्यांची ग्रामीण बँक कोणाच्या स्वप्नातही नव्हती. मुलांना त्यांचे २००६ चे नोबेल पारितोषिक सांगण्याऐवजी हे २७ डॉलर सांगावेत. पहिला प्रयोग चार आठवड्यांचा, पाच-सहा माणसांपुरता आणि बुडाले तरी कोणाचे नुकसान होणार नाही इतक्या भांडवलाचा असावा. भांडवल देणगीतून न घेता पालकांकडून लेखी परतफेडीच्या बोलीवर उसने घ्यावे. देणगीचे पैसे बुडाले तर मुलांना वाईट वाटते. उसने पैसे बुडणार असे दिसले की ती विचार करू लागतात.

आमच्या मुलांनी पिशवी आणि सुटे पैसे या दोन धाग्यांची गाठ घातली, आणि ती कल्पना मुळात एका आजींची होती, मुलांची नव्हे. पिशवी विसरलेल्या गिऱ्हाइकाने २० रुपये अनामत ठेवून पिशवी न्यायची आणि परत आणली की १८ रुपये घेऊन जायचे. उरलेल्या दोनांतला एक रुपया विक्रेतीचा, एक गटाचा. परतीचे पैसे द्यायला हाताशी सुटे हवेत, म्हणून गट सकाळी प्रत्येक विक्रेतीला शंभर रुपयांची मोड देतो आणि संध्याकाळी हिशेब करून परत घेतो. बायका तयार झाल्या त्या एक रुपयासाठी नव्हेत, या मोडीसाठी. प्लास्टिक कमी व्हावे ही आमची गरज होती. सकाळी मोड मिळावी ही त्यांची. दोन्ही गरजा एकाच व्यवहारात बसल्या तेव्हाच तो व्यवहार टिकला.

प्रयोगाच्या आधी कागदावर लिहून ठेवावे की कोणती गोष्ट घडली नाही तर आपण हा प्रयोग बंद करू. आमच्या कागदावर होते: चार आठवड्यांत निम्म्याहून कमी पिशव्या परत आल्या तर बंद. हे आधी लिहिलेले नसेल, तर नंतर मन वळते आणि अपयशालाही कारणे सापडत राहतात.

चौथा टप्पा : हिशेबाची वही

सहृदयतेच्या कामात हिशेब आला की काहींना ते रुक्ष वाटते. माझा अनुभव उलट आहे. मुलांमधली सर्वांत खोल नैतिक चर्चा मी ती मुले हिशेबाच्या वहीवर वाकलेली असतानाच ऐकली आहे. समजण्यासाठी गोल आकड्यांत एक नमुना घेऊ. साडी फुकट मिळाली तरी शिवणाऱ्या ताईंची मजुरी १२ रुपये आणि दोरा-पट्टी ३ रुपये, असे पिशवीला १५ रुपये पडतात. शंभर पिशव्यांना १,५०० रुपये भांडवल लागते. एका बाजारी ६० पिशव्या बाहेर गेल्या आणि त्यांतल्या ४० परत आल्या, असे धरू. परत आलेल्या प्रत्येक पिशवीमागे गटाला १ रुपया, म्हणजे ४० रुपये मिळतात. परत न आलेल्या २० पिशव्यांची अनामत गटाकडेच राहते. त्यातून विक्रेतीचा १ रुपया आणि नव्या पिशवीचे १५ रुपये गेले की प्रत्येकी ४ रुपये, म्हणजे ८० रुपये उरतात. एकूण १२० रुपयांतून धुलाई-दुरुस्तीचे ६० गेले की आठवड्याला ६० रुपये शिल्लक, आणि उसने १,५०० फेडायला २५ आठवडे.

ही आकडेमोड फळ्यावर मांडून झाल्यावर नववीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, पिशवी परत आली तर आपल्याला एक रुपया आणि नाही आली तर चार. मग आपण पिशवी परत यावी असे का म्हणायचे?" वर्गात शांतता पसरली. उद्योगाचा फायदा आणि उद्योगाचा हेतू एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे त्या मुलाला चौदाव्या वर्षी हिशेबाच्या वहीत दिसले होते. दोन बैठका चर्चा झाली आणि गटाने ठरवले की न आलेल्या पिशव्यांमधून उरणारी रक्कम शिलकीत धरायचीच नाही. ती विक्रेत्या बायकांच्या सामाईक पेटीत टाकायची आणि तिचे काय करायचे ते त्यांनी ठरवायचे. कर्ज फेडायला त्यामुळे अधिक काळ लागणार होता आणि धुलाईचा खर्च कसा भागवायचा हा नवा प्रश्न उभा राहिला. तो सुटला तो पिशव्या धुण्याचा भार गिऱ्हाइकावर टाकून. मळकी पिशवी परत घेतली जाणार नाही, अशी पाटी लागली. अशा वेळी मोठ्यांनी उत्तर सुचवण्याचा मोह फार होतो. तो आवरावा.

हिशेबाची वही दर महिन्याला बाजारातच, विक्रेत्या बायकांसमोर मोठ्याने वाचली जाते. वाचता न येणाऱ्या आजीलाही प्रश्न विचारता आला पाहिजे, म्हणून मुले आकडे सोपे करून सांगायला शिकतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या कामातून, शाळकरी मुले गावाला उपयोगी पडणाऱ्या प्रत्यक्ष कामांतून शिकत आली आहेत. गावकऱ्याने मोबदला देऊन करून घेतलेले काम नीट झाले नाही तर तो दारात येऊन उभा राहतो, आणि गुणपत्रिकेपेक्षा ती परीक्षा अधिक खरी असते.

पाचवा टप्पा : फरक पडला का, हे मोजणे

आपण किती पिशव्या शिवल्या, किती बैठका घेतल्या, हे मोजणे सोपे असते, पण त्यातून समोरच्याच्या जगण्यात काय बदलले ते कळत नाही. मोजायची गोष्ट एकच ठेवावी आणि ती काम सुरू होण्याआधीही मोजलेली असावी. येथे पुन्हा गडचिरोलीकडे पाहावे लागते. नवजात बाळांची काळजी गावातच घेता यावी म्हणून 'सर्च'ने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले, तेव्हा हे काम ३९ गावांत झाले आणि शेजारच्या ४७ गावांतल्या स्थितीशी त्याची तुलना होत राहिली. १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशाच्या आरोग्य धोरणात गेली. तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे शाळकरी मुलांनाही जमते. आमची मुले बाजाराच्या एका रांगेत योजना चालवत होती आणि पलीकडच्या रांगेत फक्त मोजत होती: तासाभरात किती गिऱ्हाइके प्लास्टिकची पिशवी घेऊन गेली. पावसाळ्यात दोन्ही रांगांतले प्लास्टिक वाढले, आणि आपल्या रांगेतली घट आपण समजत होतो तेवढी नाही, हे मुलांना मान्य करावे लागले. ते आकडे त्यांनी वहीत तसेच ठेवले.

नोंदणी, पैसे आणि प्रसिद्धी यांबद्दल थोडक्यात

पहिली दोन वर्षे संस्था नोंदवण्याच्या भानगडीत पडू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीला कायदेशीर करार करता येत नाही, त्यामुळे व्यवहार शाळेच्या, पालक संघाच्या किंवा एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या नावाने करावेत आणि वही मुलांच्या हाती ठेवावी. काम खरोखर वाढले तर सज्ञान माणसांना विश्वस्त संस्था, सहकारी संस्था किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, यांतून निवड करता येते. विक्रेत्या किंवा कारागीर स्वतः मालक होणार असतील, तर सहकारी संस्थेचा विचार आधी करावा.

स्पर्धा आणि पुरस्कार यांपासून पहिले वर्ष तरी गटाला दूर ठेवावे. पाच मिनिटांत समस्या, उपाय आणि परिणाम मांडायचे असले की मुले मावशींचे आयुष्य एका करुण चित्रफितीत कोंबतात. एकदा आम्हीही तसे केले. त्या मावशींनी ती चित्रफीत कोणाच्या तरी फोनवर पाहिली आणि दोन मंगळवार आमच्या मुलींशी त्या बोलल्या नाहीत. मुली त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागून आल्या. चित्रफितीला संमती देणारी मी होते, म्हणून मीही गेले.

मोठ्यांनी कसे वागावे

बिल ड्रेटन यांनी १९८० साली स्थापन केलेली 'अशोका' ही संस्था जगभरातल्या सामाजिक उद्योजकांना पाठबळ देते. तिने पाठबळासाठी निवडलेली पहिली व्यक्ती, म्हणजे पहिली फेलो, मुंबईतली एक शाळाशिक्षिका होती, ग्लोरिया डिसूझा. घोकंपट्टीऐवजी मुलांनी आपला परिसर पाहून, हाताळून आणि प्रश्न विचारून शिकावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. मोठे भांडवल किंवा यंत्रणा हाताशी नसलेल्या, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला या कामात स्थान आहे का, अशी शंका मला कोणी विचारली की मी त्यांचे नाव सांगते.

मोठ्या माणसाचे मुख्य काम म्हणजे नियमितपणा. आपण दोन मंगळवार चुकवले तर मुले चार चुकवतात, आणि बाजारातल्या माणसांना आपण पाहुणे होतो. दुसरे काम म्हणजे मुलांच्या घरच्या गोष्टींकडे लक्ष ठेवणे. दुसऱ्याच्या अडचणींबद्दल ऐकताना एखाद्या मुलाला स्वतःच्या घरातले काही आठवते आणि ते गप्प होते. त्याला गटासमोर बोलते करू नये, नंतर एकटे गाठून विचारावे. तिसरे, मुलांच्या देखत आपण भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, शाळेच्या शिपाई मामांशी कसे बोलतो. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणाऱ्या बाईंकडून समानुभूतीचा पाठ कोणतेही मूल घेणार नाही. हे लिहिताना मला माझी स्वतःची सवय बदलायला लागलेला वेळ आठवतो.

गटातून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढचा रस्ताही दाखवावा. अठरा वर्षांनंतर त्यांना महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत जाता येते. बंग दांपत्याने २००६ साली सुरू केलेल्या 'निर्माण' या उपक्रमाच्या शिबिरांतही तरुणांना शोधग्रामात राहून आपल्या आयुष्याच्या दिशेबद्दल विचार करता येतो.

काम पुढच्या तुकडीकडे देताना

दहावीची मुले जूनमध्ये गट सोडतात आणि नवी आठवीची मुले येतात. काम सर्वांत जास्त याच वेळी मोडते. वही, पेटीची किल्ली आणि उरलेल्या पिशव्या शाळेत बसून सोपवू नयेत. आमच्याकडे जुना मुलगा किंवा मुलगी जूनच्या पहिल्या मंगळवारी नव्या मुलाला घेऊन आपल्या मावशींकडे जाते, नाव सांगून ओळख करून देते आणि दोघे मिळून त्या दिवशी पाट्या उतरवतात. सकाळची शंभर रुपयांची मोड त्या दिवशी नवा मुलगा मोजून देतो. संध्याकाळी मावशी त्याच्याकडे ती मोजून परत देतात, वहीत तारखेपुढे अंगठा किंवा सही करतात, आणि मगच वही त्याच्या दप्तरात जाते.